वॉशिंग मशीन कुठे गळतं ते नंतर, केव्हा गळतं ते आधी बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. सात किलोचं फ्रंट लोड मशीन, सात वर्षं जुनं, पुण्यातल्या सोसायटीत चौथ्या मजल्यावर ड्राय बाल्कनीत ठेवलेलं. रोजच्या कपड्यांना काही होत नाही, पण आठवड्यातून एखाद्या दिवशी मशीनखाली कधी तांब्याभर, कधी अर्धी बादली पाणी साठतं. मेकॅनिक आला, वाकून खाली बॅटरी मारली आणि मशीन न उघडताच "टबचं सील गेलंय, साडेआठ हजार होतील" असं सांगून गेला. त्यात खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या छताला ओल आली आहे. दुरुस्त करावं की नवीन घ्यावं?

सध्या दोन्ही नको. मी २२ वर्षं हेच काम करतोय, आणि तुमच्या वर्णनातल्या दोन गोष्टी त्या निदानाशी जुळत नाहीत. एक म्हणजे "आठवड्यातून एखाद्या दिवशी". टब म्हणजे ड्रमभोवतीची पाणी धरणारी टाकी, आणि सील म्हणजे ड्रम फिरवणारा दांडा (शाफ्ट) त्या टबात शिरतो तिथलं पाणी अडवणारं रबरी कडं. ते सोमवारी बरं आणि रविवारी खराब असं वागत नाही. ते गेलं की प्रत्येक धुण्याला थोडंथोडं झिरपतं. दुसरं म्हणजे अर्धी बादली. फ्रंट लोडमध्ये धुताना पाणी ड्रमच्या खालच्या भागातच असतं आणि शाफ्ट असतो बरोबर मध्यावर, म्हणजे पाण्याच्या पातळीच्या वर. सील फाटलं तरी त्यावर उडणारं पाणीच झिरपतं, टबाच्या पाठीवरून ओघळतं, फरशीवर ओल करतं. बादली भरत नाही. एवढं पाणी बाहेर यायला ते कोणीतरी जोराने ढकलावं लागतं. एक तर नळ ढकलतो, नाहीतर मशीनचा पंप.

म्हणून फोनवर गिऱ्हाइकाला मी "कुठून गळतंय?" हे विचारतच नाही. पाणी उतार धरून पळतं. गळतं मागे आणि दिसतं पुढे, कारण बाल्कनीचा उतार पाणी जायच्या जाळीकडे असतो. मी विचारतो, केव्हा गळतं? मशीन बंद असताना, पाणी भरताना, धुताना, पाणी सोडताना की पिळताना? गळतीचे जवळजवळ सगळे दोष या पाच वेळांत वाटले गेलेले असतात. हे तुम्हाला घरबसल्या कळतं, त्याला पाना-पकड लागत नाही.

त्याआधी विजेचं. खाली पाणी साचलेलं असताना मशीनला हात लावायचा नाही. ओल्या फरशीवरून जाऊन प्लग उपटायचा नाही. आधी डीबीमधून (घरातल्या मुख्य स्विचबोर्डातून) त्या लाइनची एमसीबी (तिथला छोटा खटका) पाडा, मग प्लग काढा, मग फडकं घ्या. मशीनच्या पत्र्याला हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखं कधी वाटलं असेल तर गळतीचा विषय बाजूला ठेवा आणि आधी इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्या. गळतं मशीन आणि नसलेलं अर्थिंग ही जोडी मी जुन्या वाड्यांत पाहिली आहे, नव्या टॉवरमध्येही पाहिली आहे.

आता तपासणी. फरशी कोरडी करा आणि मशीनखाली जुनी वर्तमानपत्रं सरकवा. एक पुढच्या डाव्या कोपऱ्यात, एक उजव्या, दोन मागे. रंगीत पुरवणी घेऊ नका, साधा कागद घ्या, त्यावर ओल लगेच उमटते. मशीन लावा आणि स्टूल घेऊन तिथेच बसा. हा भाग कुणी करत नाही. सगळे मशीन लावून आत जातात आणि तासाभराने येऊन तळं बघतात. तळं बघून मला काही कळत नाही. पहिला कागद कुठला भिजला आणि तेव्हा मशीन काय करत होतं, एवढं सांगितलंत की निम्मं काम झालं.

वाळलेल्या डागांकडेही बघा. आपल्याकडे बोअरचं किंवा टँकरचं पाणी असलं की ते वाळल्यावर खूण सोडतं. पाइपाच्या जोडाखाली नुसता पांढरा, खरखरीत ओघळ असेल तर ते नळाचं कोरं पाणी. ओघळ निळसर आणि बोटाला बुळबुळीत लागला तर साबणाचं पाणी, म्हणजे गळती पावडरच्या डब्यापासून पुढे कुठेतरी. आणि मागच्या बाजूला तपकिरी, गंजाचा, वंगणाचा काळपटपणा असलेला ओघळ दिसला तर मग तुमचा मेकॅनिक बरोबर, मी चूक.

मशीन बंद असताना किंवा पाणी भरताना गळत असेल तर शंभरातल्या बहुतेक वेळा दोष नळ ते मशीन या दीड मीटरच्या पाइपात असतो. या पाइपाच्या टोकाला प्लास्टिकची चाकी असते आणि तिच्या आत रबरी वॉशर, ज्याला आमचे प्लंबर "वायसर" म्हणतात. पाणी अडवतं ते हे वायसर, आटे नव्हे. तरी लोक काय करतात, तर आट्यांवर टेफ्लॉन टेपचे वीस वेढे मारतात आणि पकडीने चाकी आवळतात. टेपमुळे चाकी पूर्ण बसत नाही, वायसर दाबलं जात नाही, गळती तशीच राहते. मग आणखी आवळतात, आणि मशीनच्या मागचा, पाणी आत सोडणारा व्हॉल्व्ह प्लास्टिकचा असल्यामुळे त्याचे आटे जातात. दहा-वीस रुपयांच्या वायसरसाठी व्हॉल्व्ह बदलायची पाळी आलेली मी किती वेळा पाहिली त्याचा हिशोब नाही. नळ बंद करून चाकी काढा, जुनं वायसर नखाने उचला. ते दाबून बघा, कडक झालं असेल किंवा त्यावर खोल चरा पडली असेल तर नवीन टाका. हाताने आवळा, वर पाव फेरा, बस. टेप लागते ती अडॅप्टर (नळ आणि पाइप यांच्यामधला जोड) नळात बसवतो तिथे, चाकीला नाही.

उंच इमारतींत एक भानगड वेगळी असते. टाकी गच्चीवर असते, आणि पाण्याच्या दर दहा मीटर उंचीला साधारण १ बार दाब येतो. पंधराव्या मजल्यावरच्या मशीनला जेमतेम पाणी मिळतं आणि त्याच लाइनवरच्या दुसऱ्या मजल्यावर ३-४ बारचा जोर येतो. मशीनला हा दाब चालतो, बहुतेकांच्या मॅन्युअलमध्ये त्याहून बराच जास्त दाब लिहिलेला असतो. पण दहा वर्षांच्या, उन्हाने कडक झालेल्या पाइपाला तो चालेलच असं नाही. ड्राय बाल्कनीत दुपारचं ऊन येतं. पाइप वाकवून बघा. बारीक भेगा दिसल्या तर थेंब पडायची वाट बघू नका, बदला. आणि धुणं झालं की नळ बंद करायची सवय लावा. मशीन बंद असलं तरी नळ उघडा असेल तर पाइपात पूर्ण दाब असतोच. सुट्टीला गावी गेलेल्या कुटुंबाचं घर याच कारणाने भिजलेलं मी पाहिलंय.

व्हॉल्व्हची एक साधी परीक्षा आहे. मशीनमध्ये पाणी भरतंच राहत असेल तर चालू असतानाच मुख्य स्विच बंद करा. तरीही पाणी येत राहिलं तर व्हॉल्व्हमध्ये कचरा अडकलाय किंवा तो झिजलाय. थांबलं तर व्हॉल्व्ह निर्दोष आहे, पाण्याची पातळी मोजणारा भाग किंवा त्याची बारीक हवेची नळी बघायला हवी.

धुताना गळणं हा प्रकार जास्त फसवा, आणि यात मी स्वतः फसलोय. धंद्यात नवीन होतो. एका घरी फ्रंट लोडच्या दारातून पाणी येत होतं, मी दाराचं रबर बदललं, पैसे घेतले, घरी आलो. दुसऱ्या दिवशी फोन, पुन्हा तेच. परत गेलो, स्टूलवर बसलो, आणि वीस मिनिटांनी पावडरच्या डब्यातून फेस बाहेर यायला लागला. दुधाला ऊत यावा तसा हळूहळू वर आला, पुढच्या पत्र्यावरून दारावर उतरला आणि तिथे पाणी झाला. त्या बाई हाताने धुवायची पावडर वाटीने टाकत होत्या. रबर चांगलंच होतं. मी ते काढून कचऱ्यात टाकलं होतं. पैसे परत केले, आणि तेव्हापासून पहिला हात पावडरच्या पुड्याला लावतो.

हाताने धुवायच्या पावडरीला फेस लागतोच, फेस आला नाही तर गिऱ्हाइकाला ती कमी वाटते. फ्रंट लोडच्या पावडरीत तोच फेस मुद्दाम कमी ठेवलेला असतो, कारण इथे पाणी थोडं आणि आपटणं जास्त. तुमच्या मशीनमध्ये साबण साचलाय का हे बघायचं असेल तर कपडे नाहीत, पावडर नाही, नुसतं ४० अंशांवर मशीन फिरवा. नुसत्या पाण्याला काचेवर फेस दिसला तर तो मागच्या धुण्यांचा उरलेला साबण. दोन-तीनदा असंच रिकामं फिरवा आणि पावडरचं माप पुड्यावर लिहिलंय त्याच्या वर नेऊ नका.

पावडरचा डबा पूर्ण बाहेर काढा (बहुतेकांत आतली खिटी दाबावी लागते) आणि खाचेचं वरचं छत बोटाने चाचपा. तिथे बारीक भोकं असतात, त्यातून पाणी पावडरीवर पडतं. क्षाराने त्यातली अर्धी बुजली की पाणी आडवं उडतं आणि डब्याच्या कडेने पुढे येतं. जुना टूथब्रश आणि थोडं व्हिनेगर पुरतं.

मग दाराचं रबर. त्याची खालची घडी उलगडा. तिथे काय काय सापडतं! केसांची पिन, शाळेच्या बॅजची टाचणी, सुटे पैसे, एकदा तर मंगळसूत्राची वाटी. घडीत तळाला पाणी खाली जायला लहान छिद्रं असतात. ती केसांनी बुजली की घडीत पाणी साठून दाराशी येतं. फाटलेलं रबर सहसा तळाकडेच फाटतं, आणि दोषी असते ती ब्राची निघालेली तार किंवा उघडी राहिलेली चेन. टॉर्च धरून रबर ताणून बघा. चीर दिसली तर बदलणं हाच उपाय. झटपट गोंद, इपॉक्सी, सायकलचं पंक्चर सोल्युशन, सगळे प्रयोग लोकांनी करून झाले आहेत. गरम पाणी आणि थरथर यांपुढे यातलं काही महिनाभर टिकत नाही.

आणि इथे तुमच्या "एखाद्या दिवशी"कडे येतो. तो दिवस चादरींचा असतो का? सोलापुरी चादर किंवा दुहेरी बेडशीट पाणी पिऊन जड होते, दारावर दाबली जाते, तिची कड रबर आणि काचेच्या मध्ये चिमटते. तेवढ्या फटीतून धार लागते. चादर काढली की पुरावाही गेला. दार लावताना कड आत ढकलून, काच कोरड्या फडक्याने पुसून एकदा लावून बघा.

पण माझा खरा संशय पुढच्या टप्प्यावर, पाणी सोडण्यावर आहे. पाणी सोडताना पंप ड्रममधलं दहा-पंधरा लिटर पाणी मिनिटभराच्या आसपास बाहेर फेकतो. हा लोंढा जातो कुठे, तर बाल्कनीतल्या नहाणी ट्रॅपमध्ये, म्हणजे जाळीखालच्या पाणी जायच्या भांड्यात. त्या ट्रॅपमध्ये सात वर्षांचे तंतू, केस, साबणाची साय आणि कुंडीतली माती बसलेली असते. भांड्याचं पाणी त्यातून आरामात जातं, म्हणून तो तुंबलाय असं कुणाला वाटत नाही. मशीनचा लोंढा आला की जाळीतून पाणी उलटं वर येतं, मशीनखाली पसरतं, पाच मिनिटांत पुन्हा निवांत उतरतं. तुम्ही आतून येईपर्यंत मशीनखालचं, जिथे उतार पोहोचत नाही, तेवढंच उरलेलं असतं. मोठं धुणं, जास्त तंतू, त्या दिवशी जास्त पाणी. आठवड्यातून एखाद्या दिवशी.

याची परीक्षा नीळीने करा. कपड्यांना लावायची साधी नीळ, चमचाभर पाण्यात कालवून मशीन लावण्याआधी जाळीत ओता. पाणी सोडल्यावर फरशीवरचं पाणी निळं दिसलं तर ते जाळीतून वर आलंय, मशीनमधून गळलेलं नाही. दुसरी परीक्षा आणखी सोपी. ड्रेन पाइपचं टोक जाळीतून काढून मोठ्या बादलीत धरा, कमरेएवढ्या उंचीवर. बादली भरायला लागली की प्रोग्रॅम थांबवा, रिकामी करा, पुन्हा चालू करा. दोन बादल्या आणि दोन माणसं असली तर बरं. फरशी कोरडी राहिली तर मशीन सुटलं, प्लंबरला बोलवा.

कोरडी राहिली नाही तर ड्रेन पाइप बोटांनी चाचपत जा, विशेषतः भिंतीकडची बाजू. हा पाइप घड्याघड्यांचा असतो, आणि उंदरांना तो का आवडतो देव जाणे, पण आवडतो. मागच्या पावसाळ्यात एका घरी पाइप वरून धडधाकट होता. उलटा केल्यावर घडीच्या खाचेत ज्वारीच्या दाण्याएवढं भोक, कडेला दातांच्या दोन बारीक रेघा. पाइप रिकामा असताना घडी मिटलेली, भोक दिसतही नव्हतं. पंपाचा जोर आला की घडी उघडायची आणि बारीक कारंजं भिंतीवर उडायचं. भिंतीवरून पाणी खाली उतरायचं म्हणून त्या घरच्यांना भिंतीतली पाइपलाइन गळतेय असं वाटलं होतं. फरशा फोडायला माणूस ठरला होता.

तोच पाइप मशीनच्या पाठीवरच्या हुकात अडकवलाय का तेही बघा. साधारण ६० ते १०० सेंटिमीटर उंचीपर्यंत तो वर जाऊन मग खाली यायला हवा. हुकातून निसटून जमिनीवर लोळत असेल तर पाणी आपोआप वाहून जातं, मशीन पुन्हा भरतं, पुन्हा जातं, आणि धुणं संपतच नाही.

पुढे खाली कोपऱ्यात झाकणाआड फिल्टर असतो. तो साफ केल्यानंतरच्या पहिल्याच धुण्याला पुढे गळायला लागलं असेल तर फिल्टरच्या रबरी कड्यावर दोरा अडकलाय किंवा तो तिरका बसलाय, दुसरं काही नाही. काढताना पाणी येणारच, म्हणून आधी परात सरकवा. बऱ्याच मशीनमध्ये शेजारी बोटभर नळी असते, तिचं बूच काढून आधी पाणी सोडून द्या. गरम पाण्याचं धुणं नुकतंच झालं असेल तर अर्धा तास थांबा, पोळतं.

पिळताना गळणं आणि सोबत विमान उडाल्यासारखा आवाज, हे खरं सील-बेअरिंगचं (शाफ्ट ज्यावर फिरतो ते बेअरिंग) लक्षण. मशीन बंद करून ड्रमची वरची कड धरून वर उचलून बघा. चांगलं बेअरिंग असेल तर ड्रम आणि रबर एकत्र हलतात. ड्रम एकटाच खटखट हलला किंवा हाताने फिरवताना आत खडे भरल्यासारखी घरघर आली तर सीलमधून पाणी बेअरिंगमध्ये गेलेलं आहे. याला मात्र पूर्ण टब उतरवावा लागतो. काही मॉडेलचे टब चिकटवून बंद केलेले असतात, उघडत नाहीत, अख्खा संच बदलावा लागतो. तेव्हा साडेआठ हजार हा आकडा अगदी खोटा नसतो. पण तुमच्या पत्रात आवाजाचा एक शब्दही नाही.

टॉप लोडवाल्यांनी हे सगळं जसंच्या तसं लावून घेऊ नये. त्यात शाफ्ट तळाला असतो, सीलवर पूर्ण पाण्याचं वजन, त्यामुळे सील गेलं की मशीन उभं असतानाही मधोमध थेंब पडत राहतात. पाणी भरून अर्धा तास थांबवून ठेवा, कळेल. सेमी ऑटोमॅटिकमध्ये धुण्याच्या टबातलं पाणी आपोआप उतरत असेल तर आधी ड्रेनचा रबरी व्हॉल्व्ह बघा, त्यात बटण किंवा दोरा अडकलेला असतो. आणि या मशीनना खालून जाळी नक्की लावा, उंदीर आत शिरून वायरीही खातात.

आता काकूंचं छत. ओल मशीनमुळेच आहे असं गृहीत धरू नका, आणि नाहीच असंही भांडू नका. काकूंच्या परवानगीने ओलीची कड पेन्सिलीने आखा, शेजारी तारीख टाका. आठ-दहा दिवस मशीनचं पाणी बादलीत घेऊन बाथरूममध्ये ओता, बाल्कनी कोरडी ठेवा. स्लॅब वाळायला वेळ लागतो, पण रेघेच्या बाहेर ओल सरकणं थांबायला हवं. सरकतच राहिली तर पाणी दुसरीकडून येतंय, बहुधा पाइपलाइनमधून. थांबली, आणि ओलीचा मध्य तुमच्या जाळीच्या बरोबर खाली असला, तर ट्रॅप आणि स्लॅबच्या जोडातलं वॉटरप्रूफिंग गेलंय. ते काम करून घ्यावं लागेल, मशीन नवीन आणलंत तरीही.

या रविवारी चादरी लावा. कागद अंथरा, जाळीत नीळ ओता, पाइप जाळीतच राहू दे, आणि पाणी सोडायच्या वेळी तिथे उभ्या राहा. कुठला कागद आधी भिजला, पाणी निळं होतं का, आणि पिळताना आवाज कसा आला, एवढं मला कळवा.